फिल्टर आज लावला, मग आधीच्या मेलचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून 'मेलबॉक्स कसा आवरावा' टाइपच्या टिप्स येतात आणि मी त्या आवर्जून वाचतो, कारण माझं रोजचं काम तेच आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेत कंप्युटर आणि मेल सर्व्हर सांभाळतो, संस्थेचं नाव इथे सांगायची गरज नाही. या सगळ्या टिप्समधे एक वाक्य ठरलेलं असतं, "फिल्टर लावा, मेल आपोआप आपल्या फोल्डरमधे जाईल." चूक नाहीये, पण अर्धंच आहे. फिल्टर लावल्यानंतर जी मेल येईल ती जाईल, आणि गेल्या दहा-बारा वर्षांचं जे इनबॉक्समधे साचलंय ते जिथल्या तिथे. आता मला सांगा, माणूस फिल्टर लावायला बसतो तो कशाला? साचलेलं बघून वैतागतो म्हणूनच ना? उद्या येणाऱ्या मेलची त्याला काही पडलेली नसते, त्याला तीन वर्षांपूर्वीची पीएफची मेल सापडत नसते.

मग तो फिल्टर बनवतो, इनबॉक्सकडे बघत बसतो, काही हलत नाही, आणि म्हणतो हे बंडल आहे. आमच्या ऑफिसात हा संवाद दर आठवड्याला कुणाशीतरी होतोच.

असं का होतं तर फिल्टर हा प्रकार मुळात मेल आत येते त्या क्षणासाठी बनवलाय. सर्व्हरवर मेल पोचते, व्हायरस-स्पॅमची तपासणी होते, आणि शेवटी ती तुमच्या खात्यात टाकायची वेळ येते, तेवढ्या एका टप्प्यावर तुमचे नियम वाचले जातात. एकदा मेल फोल्डरमधे पडली की नियमांचा तिच्याशी संबंध संपला. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन येणाऱ्याला वहीत सही करायला लावतो, आधीपासून आत राहणाऱ्यांच्या दारावर जाऊन विचारत नाही, तसंच हे. सर्व्हरवरचे नियम लिहायला 'सिव्ह' नावाची एक छोटी भाषा आहे, तिचं पहिलं स्टँडर्ड टिम शोवॉल्टर यांनी २००१ साली लिहिलं, आत्ता चालतं ते २००८ चं, आरएफसी ५२२८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डचे क्रमांक दिलेले कागद). त्यात मुद्दाम लूप, म्हणजे तेच तेच पुन्हा करायचा प्रकार, ठेवलेला नाही, म्हणजे कुणा युजरने काहीही उलटसुलट लिहिलं तरी सर्व्हर त्यात गरगरत बसणार नाही. चांगला विचार आहे. पण त्या सगळ्या रचनेत गृहीत हेच की मेल नुकतीच आलीये.

जुन्या मेलवर नियम चालवायची सोय अजिबात नाही असं नाही हां. जीमेलमधे फिल्टर बनवताना अगदी शेवटच्या स्टेपला खाली एक छोटा चौकोन असतो, हा नियम आधीच्या जुळणाऱ्या मेललाही लावायचा का असं विचारणारा, तो मुळात रिकामा असतो आणि दहातले नऊ लोक तिकडे न बघताच पुढचं बटण दाबतात. शिवाय फोनवरच्या जीमेल ॲपमधे फिल्टर बनवताच येत नाही, ब्राउझरमधूनच जावं लागतं, आणि आपल्याकडे निम्मी जनता मेल फक्त फोनवरच बघते, त्यांना हा चौकोन जन्मात दिसणार नाही. तिथेही एक मेख आहे, मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड करायचा नियम असेल तर तो जुन्या मेलला लागतच नाही, फक्त नव्या मेलला. हे गूगलने शहाणपणाचं केलंय, का ते खाली येईलच. आउटलुकमधे 'रन रूल्स नाऊ' आहे. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधे 'रन फिल्टर्स ऑन फोल्डर' आहे, पण ते नियम तुमच्या मशीनवर चालतात, सर्व्हरवर नाही. म्हणजे मशीन चालू पाहिजे, नेट चालू पाहिजे, मेलच्या आतला मजकूर तपासायचा नियम असेल तर तो सगळा मजकूर आधी खाली ओढावा लागणार, आणि आमच्याकडे दुपारी नेटची जी अवस्था असते त्यात दहा हजार मेलवर हा प्रयोग करून बघा, संध्याकाळपर्यंत ते निळं चक्र फिरत राहील. तेच काम सर्व्हरवर झालं तर मेल कुठे हलत नाही, डिस्कवर जिथे आहे तिथेच वाचली जाते आणि फोल्डर बदलला जातो. युजरचा फोन बंद असला तरी चालतं.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या कंपन्यांची मेल वापरणाऱ्यांचं एक वेळ भागतं. पण शाळा-कॉलेजं, पतसंस्था, साखर कारखाने, छोटे कारखानदार, सीएची ऑफिसं, यातल्या कित्येकांची मेल स्वतःच्या डोमेनवर कुठल्यातरी होस्टिंगवाल्याकडे असते, बहुतेक वेळा सर्व्हरवर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि ती साठवणारं डव्हकॉट, युजरसमोर ब्राउझरमधलं मेलचं पान म्हणजे राउंडक्यूब. तिथे युजरला नियम बनवायचं पान मिळतं. जुन्या मेलवर चालवायचं बटण मिळत नाही, निदान आमच्याकडे जे बसवून दिलंय त्यात तरी नाही. आणि गंमत म्हणजे सर्व्हरमधे सोय असते! डव्हकॉटच्या सिव्हवाल्या भागाला पिजनहोल म्हणतात, त्याच्याबरोबर 'सिव्ह-फिल्टर' नावाची एक कमांड येते, तिचं कामच हे, तुमचा नियम आणि तुमचा फोल्डर द्या, ती एकेक जुनी मेल त्या नियमातून काढते. फक्त ती ॲडमिनच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, काळ्या स्क्रीनवर असते, युजरला तिचा पत्ताच नसतो. आणि बऱ्याच ॲडमिननाही.

ही कमांड ज्याने लिहिली त्याला माझा सलाम आहे, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो. तुम्ही ती साधी चालवली तर ती काहीच करत नाही. म्हणजे प्रत्येक मेल वाचते, नियम लावून बघते, आणि स्क्रीनवर सांगते की ही मेल मी 'परीक्षा' फोल्डरमधे टाकली असती, ही जागेवर ठेवली असती, ही फेकली असती. टाकली असती! प्रत्यक्षात एक मेल हलत नाही. खरंच करायचं असेल तर कमांडपुढे 'मायनस ई' (-e) वेगळं द्यावं लागतं, आणि मूळ फोल्डरमधे बदल करायची परवानगी म्हणून मोठा 'डब्ल्यू' आणखी वेगळा. त्यातही नियमात 'डिस्कार्ड', म्हणजे फेकून दे, असलं तरी ती मेल मुळात जागेवरच ठेवते, तुम्ही स्पष्ट सांगाल तेव्हाच कचऱ्यात जाते किंवा उडते. इतकी खबरदारी आपल्याकडच्या किती सॉफ्टवेअरमधे बघितलीत?

आमच्याकडे हे सगळं करायची वेळ आली ती सर्व्हर बदलला तेव्हा. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर मेल कॉपी करायची ती आयमॅपने (सर्व्हरवरची मेल वाचायची-हलवायची पद्धत), आणि आयमॅपने कॉपी झालेली मेल ही 'आलेली' मेल धरली जात नाही, त्यामुळे नव्या सर्व्हरवर कितीही छान नियम आधी लिहून ठेवा, कॉपी होताना एकही चालत नाही. जुन्या जागी फोल्डर नव्हतेच, सगळं इनबॉक्समधे, त्यामुळे नव्या जागीही सगळं इनबॉक्समधे. परीक्षा विभागाच्या मॅडमचं खातं सगळ्यात भारी होतं. विद्यापीठाची परिपत्रकं, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, पेपर सेट करणाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि त्यातच साडीच्या सेलच्या जाहिराती. मी नियम लिहिला, सब्जेक्टमधे 'दुसऱ्या सत्राच्या' आलं की अमुक फोल्डर. ट्रायल चालवली. निम्म्या मेल जुळल्या, निम्म्या नाही, आणि न जुळलेल्या उघडून बघितल्या तर तिथेही 'दुसऱ्या सत्राच्या' असंच डोळ्यांना दिसतंय.

इथे मराठी लोकांसाठी खास गोष्ट आहे म्हणून थांबून सांगतो. 'दुसऱ्या'मधला तो रफार नसलेला अर्धा र कंप्युटरमधे एकाच पद्धतीने साठवला जात नाही. कुणाचा कीबोर्ड त्याच्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कुणाचा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी जोडी टाकतो, आणि तिसरा एखादा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, फॉन्ट चांगला असेल तर भिंग लावून बघितलं तरी फरक कळणार नाही. पण सिव्ह नेहमीच्या सेटिंगमधे आतले बाइट जुळवतं, त्याला हे तीन वेगळे शब्द. उपाय सोपा आहे, नियमात नुसतं 'सत्राच्या' ठेवायचं, ऱ ची भानगड टाळायची, किंवा तिन्ही प्रकार लिहायचे. पण ट्रायल न घेता सरळ चालवलं असतं तर निम्म्या मेल एकीकडे आणि निम्म्या दुसरीकडे, आणि मॅडमना वाटलं असतं की मेल गायब झाली. बाकी सिव्हचं एक कौतुक करायलाच हवं, देवनागरी सब्जेक्ट प्रवासात तसाच जात नाही, बऱ्याचदा त्याचं इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या गिचमिडीत रूपांतर होऊन जातो, सिव्ह ती गिचमिड आधी उलगडतं आणि मग तुलना करतं. जुनं प्रॉकमेल आहे ना, मेल फोल्डरमधे वाटणारं १९९० च्या सुमाराचं सॉफ्टवेअर, ते सरळ गिचमिडीशीच तुलना करायचं, त्यामुळे मराठी शब्दावर नियम लिहायची सोयच नव्हती.

जुनी मेल म्हणजे जुन्या सवयीही आल्या. आज विद्यापीठाची मेल एसी डॉट इन वरून येते, पंधरा वर्षांपूर्वी तिथलीच माणसं रेडिफमेल आणि याहूवरून लिहायची. आज सब्जेक्ट मराठीत असतो, तेव्हा रोमन लिपीत 'परिपत्रक' लिहायचे आणि तेही प्रत्येकाच्या स्पेलिंगने. काही मेलमधे सब्जेक्टच नाही, आत श्री-लिपीत टाइप केलेली फाइल, जी फॉन्ट नसेल तर अगम्य. आजच्या मेलसाठी लिहिलेला नियम या मेलला लागेलच असं नाही, जुन्यासाठी वेगळे दोन-चार नियम लिहावे लागतात आणि काम झाल्यावर ते काढून टाकायचे. आणखी एक, काही नियम 'टू'च्या ओळीवर नसतात, पाकिटावरच्या पत्त्यावर असतात, म्हणजे सर्व्हरने एकमेकांना सांगितलेला पत्ता. मेल एकदा साठवली की तो पत्ता बऱ्याचदा हरवलेला असतो, बीसीसीने आलेल्या मेलच्या बाबतीत हे हमखास, तिथे तो नियम जुन्यावर चालणारच नाही.

आता फॉरवर्डवाली गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात, नाव सांगत नाही, कुणीतरी हुशारी केली. जुन्या मेलला नियम लावायचे म्हणून त्याने सगळी जुनी मेल फाइलमधून काढून पुन्हा डिलिव्हरीच्या कमांडला पाजली, जणू आत्ताच बाहेरून आली. प्रॉकमेलच्या काळात हीच रूढ पद्धत होती, त्याच्याबरोबरच्या फॉरमेल कमांडने फाइलचे तुकडे करून एकेक मेल परत आत सोडायची, आणि जपून केली तर चालतेही. पण तिथल्या एका साहेबांच्या खात्यात सुट्टीचं ऑटो-रिप्लाय चालू होतं. झालं! 'मी दिवाळीच्या सुट्टीवर आहे, सोमवारी संपर्क साधा' असं उत्तर चार-पाच वर्षांपूर्वी ज्याने ज्याने म्हणून मेल केली होती त्या सगळ्यांना गेलं, त्यात ज्यांच्याशी व्यवहार तुटलाय असे सप्लायर, नोकरी सोडून गेलेली माणसं, आणि वसुलीसाठी ज्याच्या मागे लागले होते तो डीलरसुद्धा. ऑटो-रिप्लाय एका पत्त्याला लगेच दुसऱ्यांदा उत्तर पाठवत नाही, सहसा आठवडाभर थांबतं, म्हणून प्रत्येकाला एकेकच गेली, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. अकाउंटंटच्या फॉरवर्डच्या नियमाने जुनी बिलं पुन्हा हेड ऑफिसला गेली आणि तिथल्या कुणीतरी त्यातलं एक नवीन समजून नोंदवलं, ते निस्तरायला वेळ लागला म्हणे.

म्हणून जुन्या मेलवर नियम चालवताना एकच पथ्य, मेल हलवायची, लेबल लावायचं, वाचली-न वाचली खूण करायची, इतकंच. उत्तर पाठवणं, पुढे पाठवणं, फेकणं हे नियम त्या वेळी बाहेर ठेवायचे.

पुन्हा पाजण्यात दुसरं नुकसान तारखांचं. साठवलेल्या प्रत्येक मेलला सर्व्हर ती कधी पोचली याची तारीख लावून ठेवतो. परत डिलिव्हर केली की ती तारीख आजची होते, वर एक नवीन नोंद चढते, आणि फोनवर २०१४ ची मेल सगळ्यात वर येऊन बसते. हे नुसतं गैरसोयीचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मधे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड जपून ठेवायच्या अटी आहेत, त्यात रेकॉर्ड कुठून आलं, कुठे गेलं, पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ काय हे कळेल असा तपशील राहिला पाहिजे असं स्पष्ट आहे. संस्थेच्या मेलमधे भरतीचे अर्ज असतात, टेंडरचे कोटेशन असतात, ते अर्ज मुदतीत पोचले होते का हा वाद उद्या उभा राहिला तर तारीख आपणच पुसलेली नको. जागच्या जागी फोल्डर बदलला तर नीट चाललेल्या सर्व्हरवर ती तारीख तशीच राहते.

आणि हे तंत्र काही नवीन किंवा अवघड नाही. पोचलेल्या मेलवर मागाहून हात फिरवणं मोठ्या कंपन्या स्वतःच्या गरजेसाठी करतातच, मायक्रोसॉफ्टच्या ३६५ या सेवेच्या मेलमधे 'झीरो-अवर ऑटो पर्ज' आहे, मेल पोचल्यावर नंतर कळलं की ती फसवणुकीची होती तर गेल्या ४८ तासांत पोचलेल्यातून ती मागे जाऊन उचलली जाते, युजरला विचारतही नाहीत. सिव्हमधेही २०१२ साली आरएफसी ६७८५ आलं, त्यामुळे मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढली की नियम चालवता येतो, आमच्याकडे त्यावर स्पॅमची शिकवणी चालते, युजरने मेल स्पॅममधे टाकली की सर्व्हर त्यातून शिकतो. डव्हकॉटने तर मेलच्या प्रोग्रामला थेट सर्व्हरला सांगता यावं की या फोल्डरवर हा नियम चालव, अशीही सोय करून ठेवलीये. फक्त समोरच्या पानावर बटण नाही.

आम्ही आमच्या होस्टिंगवाल्याला या बटणाबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, कुणी मागतच नाही." मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. ज्याला माहीतच नाही की असं होऊ शकतं तो मागेल कशाला, तो डिलीट करतो. 'स्टोरेज फुल' आलं की जुनं ते सगळं सिलेक्ट आणि डिलीट, आणि आपल्या टिप्समधेही शेवटी हाच सल्ला असतो, एक वर्षाच्या वरचं उडवा. जीमेलचे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसकट आहेत, जागा संपते हे खरं. पण ती कशाने संपते? बहुतेक वेळा जाहिराती आणि मोठ्या अटॅचमेंटने. त्या जुन्या ढिगाला आधी नियम लावून वेगळं केलं की काय उडवायचं ते दिसतं, आणि घराच्या करपावत्या, विम्याच्या पॉलिसी, इन्कम टॅक्सच्या नोटिसा त्यात जात नाहीत. इन्कम टॅक्सची नोटीस आता मेलवर आली तरी ती बजावली असंच धरतात, तेव्हा ती कुठल्या ढिगाखाली आहे हे कळलेलं बरं.

तर आपल्या पुरवणीकडून माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी फिल्टरची टीप छापाल तेव्हा त्या रिकाम्या चौकोनाचा स्क्रीनशॉटही छापा, आणि एक ओळ अशी घाला की आधी त्याच शब्दांनी सर्च करून बघा, जी मेल सर्चमधे येईल तिलाच नियम लागणार आहे, त्यात नको ते दिसत असेल तर नियम सुधारा. जीमेलवाल्यांसाठी हीच ट्रायल. संस्थांची मेल सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांना सांगणं वेगळं आहे, ही सोय युजरला द्यायची तर आधी 'काय होईल' ची यादी दाखवा, मग 'करा' चं बटण, आणि त्या बटणाने फक्त फोल्डर आणि लेबल बदलावं. बटण बनवायला वेळ नसेल तर निदान युजरने फोन केल्यावर "जुन्या मेलला नाही लागत हो फिल्टर" असं सांगून ठेवून देऊ नका, कमांड तुमच्या सर्व्हरवर बहुतेक आधीपासूनच बसलेली आहे. आणि युजरांनी फोनवर नुसतं 'फिल्टर चालत नाही' म्हणू नये, "माझ्या इनबॉक्समधल्या जुन्या मेलवर हा सिव्हचा नियम चालवून द्या, आधी ट्रायलची यादी मला पाठवा" असं मागावं. असं मागितलं की समोरच्याला काय करायचं ते कळतं आणि टाळताही येत नाही.

आपला,
एक वाचक, जि. सातारा